उभ्या गव्हातली पायवाट आणि पबमधलं जेवण (चेस नदीचं खोरं)

पायपीट

गेल्या रविवारी आमचा गट चेस नदीच्या खोऱ्यात जाऊन आला. महिन्यातून एका रविवारी आम्ही सात-आठ जण लंडनच्या आसपास दहा-बारा किलोमीटर चालतो, दुपारी एखाद्या गावातल्या पबमध्ये जेवतो आणि संध्याकाळच्या आत घरी येतो. इतकी वर्षं जातोय, पण या मंचावर कधी लिहिलं नव्हतं. या वेळी बाबा बरोबर होते, म्हणून लिहायला बसलो.

बाबा जुन्नर तालुक्यातले शेतकरी. वय 71, गळ्यात तुळशीची माळ. आळंदी ते पंढरपूर कितीदा चालले असतील याची मोजदाद त्यांनी स्वतःच सोडून दिली आहे. त्यामुळे चालायचा प्रश्न नव्हता. पबचं मात्र मी आदल्या रात्रीच त्यांच्या कानावर घातलं. म्हटलं, जेवायला जिथे जाणार तिथे लोक दारूही पितात, तुम्हाला नको असेल तर आपण डबा नेऊ. ते म्हणाले, "तुझी मंडळी रोज जिथं बसतात तिथं मी बसलो तर काय बिघडणार आहे? जागा बघू आधी."

जायला सोपं आहे. हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइन पकडायची आणि चॅल्फंट अँड लॅटिमरला उतरायचं. झोन 8, लंडनचं ऑइस्टर प्रवासकार्ड चालतं. स्टेशनमागची घरं संपली की जंगल लागतं आणि उतारानं तुम्ही थेट खोऱ्यात येता. पलीकडे चढावर लॅटिमर गाव. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या मोठ्या वाड्यात जर्मन युद्धकैद्यांना ठेवून भिंतीत लपवलेल्या मायक्रोफोनवरून त्यांच्या गप्पा ऐकत असत. आमच्यातले दोघे त्यासाठीच आले होते. बाबा थांबले ते गावातल्या छोट्या हिरवळीवर. तिथे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाचं स्मारक आहे आणि त्याच्या शेजारी एका घोड्याचं काळीज पुरलेलं आहे. त्या लढाईत पडलेल्या एका फ्रेंच सेनानीचा तो घोडा. इंग्रजांकडून लढलेल्या लॉर्ड चेशम यांनी त्याला इकडे आणला आणि 1911 मध्ये घोडा गेल्यावर त्याचं काळीज इथे पुरण्यात आलं. मी पाटी वाचून दाखवली. बाबांनी टोपी काढली. आमचा सर्ज्या बैल गेला तेव्हा त्याला विहिरीजवळच्या वावरातच पुरला होता, हे मला तिथे उभं असताना आठवलं. त्यांना तर आठवलंच असणार.

पुढे शेताच्या कडेला एकटीच एक विटांची समाधी आहे. विल्यम लिबर्टी नावाचा वीटभट्टीवाला 1777 मध्ये वारला. आपल्याला चर्चच्या आवारात नाही, आपल्याच जमिनीत ठेवावं अशी त्याची इच्छा होती. 1809 मध्ये त्याची बायको ॲलिस गेली, तिलाही तिथेच ठेवलं. आमच्या गटाला याचं फार नवल. बाबांना काहीच नवल नाही. बांधाच्या कडेला घरच्यांची समाधी ते जन्मापासून बघत आलेत.

मग नदीकाठ. चेस ही चुनखडीच्या झऱ्यांची नदी. पाणी इतकं नितळ की तळाची गारगोटी मोजावी. पाऊस खडूच्या खडकात मुरतो आणि झऱ्यांतून सावकाश बाहेर येतो, म्हणून उन्हाळ्यातही पाणी गार आणि थंडीतही गोठत नाही. याच पाण्यावर इथे वॉटरक्रेसचे, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या एका तिखट पालेभाजीचे, वाफे होते आणि जुड्या आगगाडीनं लंडनच्या बाजारात जायच्या. बाबांनी हात बुडवून पाहिला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.

ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते आता.

नदी सोडून सॅरटच्या चर्चकडे चढताना पायवाट सरळ एका गव्हाच्या शेतात शिरते. बांधावरून नाही, मधोमध. गहू नुकता निसवलेला, कमरेला लागणारा, हिरवागार. आमची मंडळी बोलत बोलत पुढे गेली. मागे वळून पाहिलं तर बाबा शेताच्या तोंडाशी उभे.

"बाबा, चला ना."

"आरं, उभ्या पिकातनं कसं जायचं? कुणाचं वावर हाय हे?"

मी सांगितलं की ही वहिवाटीची वाट आहे, नकाशात आहे, खांबावर पिवळा बाण आहे. ते म्हणाले, "बाण सरकारनं लावला असंल. मालकाला इचारलं का कुणी?"

मी परत खाली गेलो आणि त्यांना जमीन दाखवली. वाटेवर गहू तुडवलेला नव्हता, तिथे तो ठेवलेलाच नव्हता. दोन-अडीच हात रुंदीची पट्टी, दोन्ही बाजूंना तासासारखी सरळ कड. मालकानंच ती मोकळी राखली होती. इथला कायदा असा आहे की शेतातून जाणारी पायवाट नांगरली किंवा पेरली, तर शेतकऱ्यानं 14 दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, किमान एक मीटर रुंद. नंतर मशागतीचं काही काम निघालं तर 24 तासांत. हे ऐकून बाबा खाली बसले. पट्टीच्या कडेचा एक गहू दोन बोटांत धरला, ओंबी न तोडता तिच्यावरून अंगठा फिरवला, मग ढेकूळ फोडून बघितलं. आतून गारगोटी निघाली. "आसल्या रानात येवढा गहू," म्हणाले. मी सांगितलं, ऑक्टोबरात पेरतात आणि ऑगस्टात काढतात. "धा महिने?" आपल्याकडे चार महिन्यांत गहू घरात येतो. त्यांनी ढेकूळ जिथून उचललं होतं तिथेच ठेवलं.

मग ते निघाले. खांद्यावरची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, ओंब्यांना लागू नये म्हणून. समोरून काठी टेकत एक म्हातारी बाई आल्या. वाट एकाच माणसाची. बाबांनी पायाची बोटं जुळवून अंग चोरलं, पण पाऊल गव्हात ठेवलं नाही. त्या बाईंनीही नाही. दोघं एकमेकांच्या इतक्या जवळून गेले की त्यांची काठी बाबांच्या पिशवीला घासली. दोघंही हसले.

वर चर्च, बाराव्या शतकातलं, आणि समोरच द कॉक इन. दोन दिवस पाऊस झाला होता, बूट चिखलानं भरलेले. दाराबाहेर आमच्या आधी आलेल्यांचे बूट ओळीनं मांडलेले होते आणि माणसं आत मोज्यांवर फिरत होती. बाबांनी ते पाहिलं आणि काही न बोलता आपले बूट ओळीच्या शेवटी लावले. आत दोन कुत्री, एक तान्हं बाळ, कोपऱ्यातल्या टेबलावर चार पिढ्यांचं एक कुटुंब. "ह्यो गुत्ता न्हाई," बाबा म्हणाले आणि बसले.

त्यांनी एल्डरफ्लॉवरचं सरबत घेतलं. वाटेत ज्या झुडपांवर पांढऱ्या फुलांचे छत्रीसारखे गुच्छ दिसले होते, त्यांचंच. जेवण मी फोन करून आधी विचारून ठेवलं होतं. ते महत्त्वाचं आहे, पण त्यावर इथल्या जाणत्या मंडळींनी लिहावं. तुम्ही वयस्कर पाहुण्यांना नेता तेव्हा काय काय सांभाळता? शाकाहारी माणसानं पबमध्ये काय मागावं? आणि अशा वाटा कुणी चालल्या असतील तर त्याही लिहा.

हॅरोकर

सुरेख. पिशवी छातीशी धरलेली डोळ्यांसमोर आली. परतीचा रस्ता कोणता घेतला?

पायपीट

चेनीझवरून. नदी पुन्हा ओलांडायची आणि चढून गावात यायचं, तिथून जंगलातून स्टेशन. सगळं मिळून आम्हाला 12 किलोमीटर भरलं. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा, एक्स्प्लोरर 172. फोनवर असतोच, तरी कागदाचा जवळ ठेवा. खोऱ्यात रेंज जाते.

अन्नपूर्णेश्वरी

शाकाहारासाठी माझा अनुभव लिहिते, कारण मी एकदा पोळले आहे.

चार वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन एका गावातल्या पबमध्ये गेलो. संडे रोस्टची, म्हणजे रविवारच्या भाजलेल्या मांसाच्या जेवणाची वेळ. म्हटलं मांस नको, नुसते बटाटे, भाज्या आणि यॉर्कशायर पुडिंग द्या. ताट आलं, सासूबाईंनी आवडीनं दोन बटाटे खाल्ले. नंतर कळलं की बटाटे गोमांसाच्या चरबीत भाजलेले होते. त्या काही बोलल्या नाहीत. घरी येऊन आंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी उपवास धरला. मला अजून वाईट वाटतं. चूक पबची म्हणता येत नाही, मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून फोनवर हे सगळं विचारते: बटाटे कशात भाजता? यॉर्कशायर पुडिंगला चरबी कोणती? (पीठ-दुधाचा तो भाजलेला फुगीर प्रकार, त्यात अंडं असतंच.) ग्रेव्ही मांसाच्या रसाची की वेगळी? चिप्स तळायची कढई मासळीची आहे की वेगळी? नुसतं "व्हेजिटेरियन आहे का" विचारलं तर "हो" म्हणतात, आणि त्यांच्या मते ते खरंही असतं. प्लाउमन्स लंच, म्हणजे पाव, चीज, लोणचं, सफरचंद, हे बहुतेकांना चालतं, पण चीज वासराच्या रेनेटचं, म्हणजे दूध फाडायला वासराच्या जठरातून काढलेल्या पदार्थाचं, असू शकतं. माळकऱ्यांसाठी तेही विचारावं.

बिअर घेणाऱ्या शाकाहारी मंडळींसाठी एक. पिंपातली पारंपरिक एल निवळण्यासाठी पुष्कळ ठिकाणी माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरतात. ग्लासात तो नावालाही उरत नसेल, पण ज्याला पाळायचंय त्यानं विचारावं.

पायपीट

ताई, इतकं नेमकं लिहिल्याबद्दल मनापासून आभार. चिप्सच्या कढईचं मी विचारलं नव्हतं. बाबांनी चिप्स घेतले नाहीत हे नशीब.

सडेतोड

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. माळकरी माणसाला पबात नेण्याची गरज काय होती? नदीकाठी बसून भाकरी खाल्ली असती तर चाललं नसतं का? मुलाच्या मित्रांपुढे म्हातारा माणूस नाही म्हणत नाही, आणि आपण समजतो की त्याला आवडलं.

पायपीट

राग नाही, कारण हाच प्रश्न मलाही आदल्या रात्री पडला होता. म्हणूनच आधी विचारलं आणि डब्याचा पर्याय ठेवला. आमच्या घरात बाबा "नाही" म्हणायला कधी कचरलेले नाहीत. माझ्या लग्नातही दोन गोष्टींना नाही म्हणाले होते.

पण मुद्दा एवढाच नाही. मी इथे 14 वर्षं आहे. मी कसा राहतो, कुणात बसतो, हे बाबांना फोनवरून कळत नव्हतं. त्यांच्या मनात कुठेतरी होतं की पोरगा रविवारी दारूच्या दुकानात जातो. त्यांनी ती जागा स्वतः पाहिली, मित्रांशी शेतीवर तासभर बोलले, आणि निघताना माझ्या बायकोला म्हणाले, "ह्याची माणसं चांगली हायत." मला ते हवं होतं.

हॅरोकर

+1

गडगा

मी यॉर्कशायरला असतो, मूळचा राजापूरकडचा. इकडची माळरानं बघितली की पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ते गडगे. मातीचुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचलेले, मैलोन् मैल. आमच्याकडच्या कातळावरच्या गडग्यांसारखेच, फक्त आमचा जांभा आणि यांचा चुनखडीचा दगड. आणि आमच्याकडे गडग्यातून जायला जसं बेडं असतं, तसं इकडे दगडांच्या मधे अरुंद फट ठेवतात: माणूस आडवा होऊन जातो, मेंढी जात नाही. काही ठिकाणी गडग्यातूनच लांब दगड बाहेर काढून पायऱ्या केलेल्या असतात.

एक सांगायचं राहू नये. वाटेत वासरं असलेल्या गाई लागल्या तर कळपाच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. कुत्रा बरोबर असेल आणि गाई अंगावर आल्या तर साखळी सोडून द्या. त्या कुत्र्यामागे जातात, कुत्रा पळून सुटतो. साखळी धरून ठेवणारा माणूस खाली पडतो.

शिवार

मी पुण्यात वकिली करतो, शेतरस्त्यांचे खटले बरेच पाहिले आहेत. आपल्याकडच्या कायद्याबद्दल चार ओळी.

वहिवाटीचा रस्ता ही कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. गावनकाशात पाणंद, गाडीवाट, पायवाट यांच्या रेघा असतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदार शेताच्या बांधावरून रस्ता देऊ शकतात. पूर्वापार रस्ता कुणी अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली अडथळा काढून घेता येतो.

पण हे दोन्ही मुख्यतः ज्याला स्वतःच्या शेतात जायचंय त्याच्यासाठी आहे. निव्वळ चालायला आलेल्या परक्या माणसाचा हक्क त्यात नाही. इंग्लंडमध्ये तो आहे, कारण तिथे पायवाट हा सार्वजनिक रस्ताच मानतात. जमीन मालकाची, पण वरून चालायचा हक्क सर्वांचा. 1949 च्या कायद्यानं तिथल्या प्रत्येक कौंटीला या वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला. वाट अडवली असेल तर कौन्सिलकडे तक्रार करायची, तो त्यांचा रस्ता आहे.

तुमच्या वडिलांचा प्रश्न, "मालकाला विचारलं का", हा मला फार योग्य वाटतो. ज्यानं आयुष्यभर बांध सांभाळला त्यालाच तो सुचणार.

टेकडीवरची

शिवार दादांना जोडून: हे हक्क आयते मिळालेले नाहीत. उत्तरेकडचं किंडर स्काउट हे पठार शिकारीसाठी राखून ठेवलेलं होतं. 24 एप्रिल 1932 ला मँचेस्टर-शेफील्डकडचे शेकडो कामगार तरुण मुद्दाम त्यावर चढून गेले. राखणदारांशी झटापट झाली, पाच जण तुरुंगात गेले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी 1949 चा कायदा झाला, आणि उघड्या माळरानावर वाट सोडून फिरायचा हक्क तर 2000 च्या कायद्यानं मिळाला. मी एडेलवरून वर चढते तेव्हा दर वेळी त्यांची आठवण काढते. आठवडाभर गिरणीत राबून रविवारी चालायला निघालेली माणसं होती ती.

लंडनचं महाराष्ट्र मंडळही 1932 चंच. त्या वर्षी आपले मोजके लोक या देशात होते, आणि आज आपण ज्या वाटांवरून जातो त्यांच्यासाठी त्याच वर्षी कुणीतरी तुरुंगात जात होतं. मला हे एकत्र आठवतं.

पुनवडीकर

पण मंडळी, राजमाची उतरून उधेवाडीत पिठलं-भाकरी खाण्याची सर कशालाच नाही हेही लिहून ठेवा! कुणाच्या तरी ओसरीवर बसून, वर ठेचा.

गडगा

त्याला कोण नाही म्हणतंय. पण खरं सांगू का, गोष्ट तीच आहे. चालून पाय दुखतायत, आणि गावातला कुणीतरी गरम जेवण पुढे ठेवतो. म्हणूनच तर आम्ही इथे पब धरलाय.

आल्प्सहूनपरत

स्कॉटलंडमधून लिहितोय. इथे 2003 च्या कायद्यानं जवळपास सगळीकडे फिरता येतं, वाट असो नसो. पण उभ्या पिकाला त्यातून वगळलंय, पिकाच्या कडेनं जायचं. म्हणजे तुमचे बाबा इथे आले असते तर त्यांचं म्हणणं कायद्यातच सापडलं असतं.

अन्नपूर्णेश्वरी

डब्याबद्दलही लिहिते, कारण ज्येष्ठ मंडळी हमखास डबा आणतात. पबच्या टेबलावर बाहेरचं खाणं उघडू नये. आमच्याकडे मावशींनी प्रेमानं धपाटे काढले आणि सगळ्यांच्या ताटात वाढले. बारवरची मुलगी येऊन फार हळू आवाजात सांगून गेली. मावशींचा चेहरा उतरला. आता आम्ही अकराच्या सुमारास नदीकाठी किंवा चर्चच्या बाकावर डबा सोडतो, मावशींचे धपाटे तिथे संपतात, आणि पबमध्ये पबचं खातो. मावशी आता सगळ्यांच्या आधी बाक शोधतात.

हॅरोकर

वेळेचं कुणीच लिहिलं नाही! सगळ्यात मोठी फजिती तिथेच होते. गावातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी अडीच-तीनला बंद होतं, पब उघडा असला तरी. आम्ही एकदा तीन वाजून दहा मिनिटांनी आठ जण पोचलो, दोन लहान मुलं भुकेली, आणि चिप्सच्या पुड्यांवर दिवस काढला.

म्हणून हिशेब उलटा लावा: टेबल एकचं धरा आणि तिथून मागे या. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 चा आडाखा आहे: तीन मैलांना एक तास, आणि दर 2000 फूट चढाला आणखी एक तास. हे तरण्या, न थांबणाऱ्या माणसाचं गणित. आई-वडील, मुलं, फोटो, कुंपणावरच्या लाकडी पायऱ्या धरून आम्ही ताशी तीन किलोमीटर धरतो. आणि जेवण चालण्याच्या अगदी शेवटी नको, दोन तृतीयांश झाल्यावर हवं. तीन तास उपाशी चालवू नका कुणाला.

टेकडीवरची

वॉटरक्रेसवरून आठवलं: आपला अहळीव याच्याच कुळातला, दोन्ही मोहरीचे भाऊबंद. पान चावलं की मोहरीसारखा झणका येतो. पण ओढ्यातलं रानटी पान तोडून कच्चं खाऊ नका. वरच्या बाजूला मेंढ्या-गाई चरत असतील तर त्यातून यकृतातला जंत होतो.

रात्रपाळी

पहिला लेख तीनदा वाचला. माझे वडील मागच्या वर्षी गेले. त्यांना इकडे आणायचं राहून गेलं. पुढील लेखनास शुभेच्छा.

पायपीट

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. कधी आमच्याबरोबर चालायला यावंसं वाटलं तर व्यक्तिगत निरोप पाठवा. पुढचा रविवार ठरला की कळवतो.

पायपीट

धागा वर काढतोय.

बाबा जुलैत परत गेले. आषाढीला पंढरपुरात होते. परवा फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्यो गहू निघाला का?" मला माहीत नव्हतं. म्हणून काल एकटाच गेलो, चॅल्फंटहून सरळ सॅरट.

गहू निघालाय. सगळीकडे धसकटं, आणि पेंढ्याचे मोठे गोल गठ्ठे कडेला लावलेले. वर दोन तांबड्या घारी घिरट्या घालत होत्या. वाट मात्र तशीच दिसते. दोन्ही बाजूंची धसकटं पिवळी आणि मधे पावलांनी घट्ट झालेली उघडी माती, खालच्या खांबापासून वर चर्चपर्यंत. मी फोटो काढून पाठवला. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. फोटो मोठा करून बघितला म्हणाले. मग विचारलं, "नांगरट कवा करणार? त्येच्यानंतर परत जाऊन ये. वाट पुन्हा सोडली का बघ."

हॅरोकर, ऑक्टोबरचा दुसरा रविवार धरू का? एकचं टेबल मी सांगून ठेवतो.